एका श्रवणमंडळाची अ‍ॅम्प्लिफायर-निवड : इलेक्ट्रोस्टॅटिक आणि प्लॅनर स्पीकरांचे एक प्रकरण

या प्रकरणातील माणसांची नावे, घराचा पत्ता आणि खरेदी-विक्री केलेल्या यंत्रांच्या कंपन्या मुद्दाम दिलेल्या नाहीत. मोजलेले आकडे मात्र त्या वेळी वहीत लिहून ठेवले होते तसेच दिले आहेत.

पार्श्वभूमी

बेळगावच्या शहापूर भागात एका सदस्याच्या घराच्या माडीवर दर रविवारी सकाळी चौदा-पंधरा माणसे जमतात आणि दोन-अडीच तास ख्यालगायन ऐकतात. काही जण अनगोळ-वडगावहून चालत येतात, दोघे खानापूरहून बस पकडून येतात. खोली 24 फूट लांब आणि 15 फूट रुंद असून वर मंगळूरी कौले आहेत. बरीच वर्षे हे श्रवण एका साध्या पेटीवजा स्पीकरांच्या जोडीवर चालले होते आणि त्यात कोणाला काही उणे वाटत नव्हते.

मग एकाच वर्षात मंडळाकडे दोन असामान्य जोड्या आल्या. लष्करातून निवृत्त झालेल्या एका सदस्याने आपले जुने, युरोपीय बनावटीचे, संपूर्ण इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर मंडळाला दिले. दुसऱ्या सदस्याच्या मुलाने परदेशातून परतताना आणलेले प्लॅनर स्पीकर त्याच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये मावेनात, म्हणून तेही इथे आले. दोन्ही जोड्या दिसायला सारख्याच, म्हणजे दारासारख्या उंच आणि चपट्या असल्यामुळे, त्यांची भूकही सारखीच असेल असा सर्वांचा समज झाला. पुढच्या बहुतेक चुका या समजातून झाल्या.

दोन्हींची रचना वेगळी आहे. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये अतिशय पातळ प्लास्टिकचा पडदा काही हजार व्होल्टने भारित करून दोन जाळीदार पट्ट्यांच्या मध्ये ताणलेला असतो, आणि त्या पट्ट्यांवर संगीताचे व्होल्टेज आले की पडदा हलतो. विजेच्या भाषेत हा एक मोठा कंडेन्सरच, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग झाला. घरगुती वापरासाठी यशस्वीपणे विकला गेलेला पहिला संपूर्ण इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर म्हणजे पीटर वॉकर यांचा 1957 चा क्वाड. प्लॅनरमध्ये मात्र पडद्यावर तार किंवा धातूची पट्टी चिकटवलेली असते आणि ती चुंबकांच्या ओळींसमोर हलते. जिम वायनी यांनी 1969 मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या मॅग्नेपॅनमुळे हा प्रकार लोकांना माहीत झाला. विजेच्या दृष्टीने तो जवळजवळ साध्या रोधकासारखा (रेझिस्टरसारखा) वागतो.

मी पूर्वी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो आणि या मंडळात जुना श्रोता आहे, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर निवडण्याचे काम माझ्याकडे आले. वर्गणीतून 1,60,000 रुपये जमले होते आणि त्यात दोन्ही जोड्या चालवील असा एकच अ‍ॅम्प घ्यावा, असे ठरले होते.

अडचण

सुरुवात घरमालकांच्या होम थिएटर रिसीव्हरने केली. प्लॅनर जोडल्यावर आलापी छान झाली, पण द्रुत सुरू झाल्यावर वीस मिनिटांत रिसीव्हर गरम होऊन आपोआप बंद पडला. त्याच्या पाठीवर कमीत कमी 6 ओहम (ओहम हे स्पीकर विजेला किती अडवतो याचे माप, आकडा जितका लहान तितका भार जड) असे छापलेले होते आणि प्लॅनर 4 ओहमचे होते, त्यामुळे यात नवल नव्हते. इलेक्ट्रोस्टॅटिकवर तो बंद पडला नाही, पण तानपुऱ्याच्या जवारीत एक कर्कश धार आली आणि तार-षड्जाला आवाज फाटल्यासारखा वाटू लागला.

पुढच्या रविवारी एका सदस्याने आपला 40 वॉटचा, काचेच्या नळ्यांवर चालणारा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आणला. या वेळी उलटेच झाले. इलेक्ट्रोस्टॅटिकवर गळा अतिशय मऊ आणि जवळचा वाटला, पण तानपुरे मागे सरकले. आमच्यातील एक तबलावादक, जो वयाने सर्वांत लहान आहे, म्हणाला, ‘‘सर, तानपुरा मिरजेचा राहिला नाही, त्याच्यावर कुणी शाल टाकल्यासारखं झालंय.’’ हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले, कारण पुढे मोजणीत नेमके तेच दिसले.

पहिला निर्णय आणि त्याची किंमत

इथे मी घाई केली. रिसीव्हर कमी पडला म्हणजे मोठा अ‍ॅम्प हवा, असा सरळ निष्कर्ष काढून, 4 ओहमला 250 वॉट देणाऱ्या, वीज वेगाने चालू-बंद करून काम करणाऱ्या एका नव्या क्लास डी अ‍ॅम्पसाठी बाहेरगावच्या विक्रेत्याला 20,000 रुपये आगाऊ पाठवले. त्या अ‍ॅम्पमध्ये फीडबॅक, म्हणजे चूक सुधारण्यासाठी आउटपुटचा आत परत दिलेला अंश, आउटपुट फिल्टरच्या नंतरच्या बिंदूवरून घेतलेला होता, म्हणजे भार बदलला तरी वरच्या सुरांचा तोल ढळू नये अशी व्यवस्था होती, आणि 2 ओहमलाही तो चालतो असे त्याच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिले होते. निवड कागदावर निर्दोष होती. क्लास डी म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिकला वर्ज्य असे जे सरसकट म्हटले जाते, ते फिल्टरच्या आधी फीडबॅक घेणाऱ्या जुन्या रचनांपुरते खरे आहे, या रचनेला ते लागू होत नव्हते.

माल निघण्याच्या दोन दिवस आधी इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर पुसताना त्यांच्या पाठीवरची छोटी पत्र्याची पट्टी वाचनात आली. तिच्यावर कमाल शिखर-व्होल्टेज 33 एवढेच लिहिले होते. 4 ओहमला 250 वॉट म्हणजे सुमारे 31.6 व्होल्ट आरएमएस (लहरीचे परिणामी मूल्य), आणि त्याचे शिखर 44.7 व्होल्ट. एखाद्या दिवशी पिन ढिली होऊन मोठा भपका झाला असता, तर पडदा आणि जाळीदार पट्ट्या यांच्यामध्ये ठिणगी पडून पडद्याला भोक पडले असते, आणि या जुन्या पडद्यांची दुरुस्ती आपल्याकडे सहज होत नाही. आवाज कमी ठेवू म्हणजे झाले, असे काहींनी सुचवले, पण व्हॉल्यूमचा खटका ही मर्यादा नसते. तो दर रविवारी वेगळ्या हातात असतो.

मागणी रद्द केली. आगाऊ रकमेतील निम्मे पैसे बुडाले. विक्रेत्याच्या अटी आधीपासून लेखी होत्या, त्यामुळे त्याचा दोष नव्हता. पट्टी आधी वाचायला हवी होती.

मोजणी

यानंतर ठरवले की स्पीकर नेमके काय मागतात हे मोजल्याखेरीज एक रुपयाही खर्च करायचा नाही. पद्धत साधी होती. स्पीकरच्या मार्गात 10 ओहमचा रोधक घालून, ऑसिलेटरने वेगवेगळे स्वर देऊन, रोधकावर आणि स्पीकरवर किती व्होल्टेज पडते हे पाहायचे. साध्या मल्टिमीटरवर विसंबलो असतो तर फसलो असतो, कारण बरेचसे मल्टिमीटर 1 किलोहर्ट्झच्या वर एसी व्होल्टेज बरोबर दाखवत नाहीत. म्हणून विजेची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप वापरला.

प्लॅनर स्पीकर खालपासून वरपर्यंत 4 ओहमच्या आसपास सरळ राहिले. इलेक्ट्रोस्टॅटिकचा इम्पिडन्स, म्हणजे त्या त्या स्वराला विजेला होणारा अडथळा, खर्जात 28 ओहम, 1 किलोहर्ट्झला 12, 10 किलोहर्ट्झला 4, आणि 18 किलोहर्ट्झला अवघा 1.9 ओहम निघाला. पडद्याची धारकता (भार साठवण्याची क्षमता) मुळात फार थोडी असते, पण स्पीकरच्या आत व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकी ती धारकता अ‍ॅम्पला मोठी दिसते. उदाहरणार्थ, पडदा 1 नॅनोफॅरडचा आणि गुणोत्तर 1:50 असेल, तर अ‍ॅम्पसमोर 2.5 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर उभा राहतो, आणि 20 किलोहर्ट्झला त्याचा रोध 3.2 ओहमच्या आसपास येतो.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचे कोडेही सुटले. त्याचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा आतला अडथळा, मोजल्यावर 1.6 ओहम आला. स्पीकरचा रोध जसजसा खाली जातो तसतसा व्होल्टेजचा मोठा वाटा अ‍ॅम्पच्या आतच अडतो. 1 किलोहर्ट्झच्या तुलनेत 10 किलोहर्ट्झला सुमारे 2 डेसिबल आणि 18 किलोहर्ट्झला 4 डेसिबल घट दिसली. तानपुऱ्यावरची शाल ती हीच. क्वाडचे पहिले स्पीकर 15 वॉटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवरच वाजत असत, हा आमच्या व्हॉल्व्हप्रेमी सदस्याचा मुद्दा खरा होता, पण त्या अ‍ॅम्पमध्ये फीडबॅक देऊन आउटपुट इम्पिडन्स कमी ठेवलेला होता. व्हॉल्व्ह असणे ही अडचण नसून हा विशिष्ट अ‍ॅम्प या विशिष्ट स्पीकरला जुळत नव्हता, एवढेच.

तिसरी मोजणी सुदैवाने सुचली. खोलीतील वीजपुरवठ्याचा दाब आठवडाभर नोंदवला. मे महिना होता. संध्याकाळी साडेसातला तो 194 व्होल्टपर्यंत उतरत होता, पहाटे 248 पर्यंत चढत होता, आणि रविवारी सकाळी आमच्या श्रवणाच्या वेळी 238 ते 244 च्या दरम्यान असे. बहुतेक क्लास एबी, म्हणजे नेहमीच्या ट्रान्झिस्टर पद्धतीच्या, अ‍ॅम्पमध्ये पॉवर सप्लाय नियंत्रित नसतो. दाब 230 वरून 194 वर आला की उपलब्ध वॉट सुमारे 71 टक्क्यांवर येतात, आणि दाब चढला की शिखर-व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढते.

विचारात घेतलेले पर्याय

आता गरज नेमक्या शब्दांत मांडता आली: शिखर-व्होल्टेज 33 च्या आत, पण करंट 2 ओहमपर्यंत न अडखळता, आउटपुट इम्पिडन्स अत्यल्प, आणि कंडेन्सरसारख्या भारावर स्थिर. वॉटचा आकडा व्होल्टेज आणि करंट यांना एकत्र बांधून टाकतो, आणि आमच्या प्रकरणात तर त्यांना सुटे करून पाहणेच आवश्यक होते.

साउंडवाल्यांकडचा मोठा अ‍ॅम्प घ्यावा, ही सूचना सर्वांत आग्रहाने आली. बेळगावात गणेशोत्सवाच्या मंडपांमुळे असे अ‍ॅम्प आणि ते दुरुस्त करणारे कुशल हात गल्लोगल्ली आहेत, आणि दुरुस्ती जवळ होणे ही या भागात फार मोलाची गोष्ट आहे. पण त्यांचे व्होल्टेज आमच्या मर्यादेच्या कितीतरी वर जाते आणि पंख्याचा आवाज आलापीत ऐकू येतो, म्हणून तो पर्याय सोडला.

दोन जोड्यांना दोन वेगळे अ‍ॅम्प घेणे शास्त्रशुद्ध ठरले असते. पैसे दुप्पट लागले नसते तरी प्रत्येकाचा दर्जा खाली आला असता, शिवाय चुकीचा अ‍ॅम्प चुकीच्या स्पीकरला लागण्याची भीती कायम राहिली असती.

एखाद्या मोठ्या अ‍ॅम्पच्या पुढे व्होल्टेज रोखणारे संरक्षक सर्किट बांधावे, असा एक पर्याय मी स्वतः मांडला होता. तो मी स्वतःच मागे घेतला. मी असेपर्यंत ते सर्किट नीट राहिले असते, नंतर त्यात काय आहे हे कोणालाच कळले नसते.

उरला तो पर्याय म्हणजे भरभक्कम ट्रान्सफॉर्मरचा, कमी वॉटचा पण करंट भरपूर देणारा जुना क्लास एबी अ‍ॅम्प. असा एक, 8 ओहमला 50 वॉट लिहिलेला आणि तरीही 19 किलो वजनाचा, कोल्हापुरात एका गृहस्थांकडे विकायला होता. मंडळाच्या बैठकीत हा आकडा सांगितल्यावर खानापूरचे काका म्हणाले, ‘‘पन्नासच वॉट? आमच्या गल्लीतल्या गणपतीला चार हजारांचा असतोय की, सर.’’ त्यांना आणि इतरांना समजावण्यात एक पूर्ण रविवार गेला आणि त्या दिवशी गाणे झाले नाही. त्याची मला खंत नाही. पैसे सर्वांचे होते.

कोल्हापुरातील चाचणी

चाचणी विक्रेत्याच्या घरीच केली. सोबत भाराचे रोधक नेले होते आणि ते पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवले, म्हणजे तापून जळणार नाहीत. दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालवून आवाज फाटण्याच्या अलीकडचे आकडे घेतले: 8 ओहमला 54 वॉट, 4 ओहमला 98 वॉट, आणि 2 ओहमला थोड्या वेळाच्या झटक्यांत 160 वॉट. व्होल्टेजच्या भाषेत हे 20.8, 19.8 आणि 17.9 व्होल्ट आरएमएस होतात. भार चौपट जड झाला तरी व्होल्टेज फारसे खचले नाही, आणि मला हेच पाहायचे होते.

त्यानंतर 8 ओहमला समांतर 2 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडून 10 किलोहर्ट्झची चौकोनी लहर दिली. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लहरीच्या कोपऱ्यांशी थरथर दिसली, पण ती काही आवर्तनांत विरून गेली. अशी थरथर अ‍ॅम्पच्या आउटपुटमधील छोट्या कॉइलमुळे येतेच आणि ती चिंतेची नसते. ती विरली नसती, अखंड चालू राहिली असती, तर मी तिथूनच परतलो असतो.

एक आकडा मात्र खटकला. भार अगदी हलका असताना, म्हणजे खर्जात इलेक्ट्रोस्टॅटिक दाखवतो तसा असताना, शिखर-व्होल्टेज 230 च्या दाबाला 32 पर्यंत गेले. 33 च्या मर्यादेत ते बसत होते, पण आमच्या रविवार सकाळच्या 244 व्होल्टला तेच 33.9 झाले असते. म्हणून अ‍ॅम्प घ्यायचा तर त्याच्यासोबत स्टॅबिलायझर घेणे अनिवार्य झाले. रिलेचा साधा स्टॅबिलायझर पायऱ्या-पायऱ्यांनी दाब बदलतो आणि मध्येच खटका वाजतो, त्यामुळे दाब सलग जुळवणारा सर्वो प्रकारचा 2 केव्हीएचा घेतला. अ‍ॅम्पला 88,000 आणि स्टॅबिलायझरला 11,000 रुपये पडले. निम्म्याहून थोडे जास्त पैसे खर्च झाले, आणि बुडालेले 10,000 धरूनही वर्गणीतील 51,000 शिल्लक राहिले.

बसवणी

स्पीकर मागच्या भिंतीपासून चार फूट पुढे घेतले, कारण दोन्ही जोड्या पुढे तेवढाच आवाज मागेही फेकतात. अ‍ॅम्प स्पीकरांच्या जवळ ठेवून 2.5 चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची जोडवायर प्रत्येकी 6 मीटर वापरली. जाता-येताचा तिचा रोध जेमतेम 0.08 ओहम होतो. विणलेल्या महागड्या केबल घ्याव्यात असा एक आग्रह होता, पण त्यांपैकी काहींची धारकता जास्त असते आणि आधीच कंडेन्सर चालवणाऱ्या अ‍ॅम्पवर तिची भर कशाला घालायची, असे मला वाटले. दोन्ही जोड्या चुकून एकाच वेळी जोडल्या गेल्या तर वरच्या सुरांत भार 1.3 ओहमपर्यंत खाली येतो. त्यावर उपाय म्हणून वायरींचा एकच संच ठेवला आहे. दुसरी जोडी लावायची तर पहिलीची पिन काढावीच लागते.

इलेक्ट्रोस्टॅटिक लावताना मार्गात अर्ध्या ओहमचा बिनकॉइलचा रोधक घालावा की नाही, यावर विचार झाला. त्याने अ‍ॅम्पवरचा ताण हलका होतो. वाईटात वाईट धरले तरी 10 किलोहर्ट्झला 1 आणि 18 किलोहर्ट्झला 2 डेसिबल घटतात. कुमार गंधर्वांचे एक ध्वनिमुद्रण, कोणते कधी ते न सांगता, रोधकासह आणि रोधकाविना सहा वेळा ऐकवले. ते आमच्याच तालुक्यातील सुळेभावीत 1924 मध्ये जन्मले, त्यामुळे मंडळात त्यांच्या गळ्याची ओळख सर्वांना घट्ट आहे. साठीपुढच्या कोणालाच फरक सांगता आला नाही. तरुण तबलावादकाने सहापैकी सहा वेळा बरोबर सांगितले. त्याचे कान खरे मानून रोधक काढून टाकला, कारण चाचणीत अ‍ॅम्प त्याच्याविना स्थिर ठरलेला होता.

परिणाम

जूनपासून श्रवण नव्या जुळणीवर सुरू झाले. इलेक्ट्रोस्टॅटिकवर तानपुऱ्याचे चारही तार वेगळे ऐकू येऊ लागले आणि जवारीची गुंज खोलीत भरून राहू लागली. प्लॅनरवर तबल्याची चाट आणि बायाचा घुमारा स्वच्छ आला. प्लॅनरची संवेदनशीलता 2.83 व्होल्टला 86 डेसिबल धरली, तर 19.8 व्होल्टला एका मीटरवर सुमारे 103 डेसिबल मिळतात, आणि ख्यालासाठी ते पुरेसे आहे. सर्वांसाठी नाही. एका सदस्याला चित्रपटसंगीताचा मोठा वाद्यवृंद जोरात ऐकायला आवडतो, आणि त्या आवाजाला प्लॅनरवर हा अ‍ॅम्प फाटतो. त्यांची तक्रार रास्त आहे. इलेक्ट्रोस्टॅटिकची मर्यादा पाळण्यासाठी प्लॅनरची काही ताकद आम्ही सोडून दिली, आणि हे त्यांना खरेदीआधी इतक्या स्पष्टपणे सांगितले गेले नव्हते.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात डाव्या इलेक्ट्रोस्टॅटिकमधून टिक्-टिक् असा बारीक आवाज येऊ लागला. मी अ‍ॅम्पवर संशय घेतला. 19 किलोचे ते धूड गाडीत घालून कोल्हापूरला नेले, तिथे दोन दिवस चालवले आणि काहीच दोष सापडला नाही. परत आल्यावर डावी-उजवी वायर बदलून पाहिली, तेव्हा आवाज वायरीबरोबर न जाता स्पीकरपाशीच राहिला. ही दोन मिनिटांची तपासणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. बेळगावच्या पावसाळी ओलाव्यात, वर्षानुवर्षांच्या धुळीवरून, हजारो व्होल्टचा भार थोडा-थोडा झिरपत होता. जाणकार तंत्रज्ञाकडून पडदे आणि भारित भाग साफ करून घेतले. हे काम स्वतः करू नये, वीज काढल्यावरही आत भार टिकून असतो. पावसाळ्यात खोलीचे दार-खिडक्या बंद ठेवून रात्री स्पीकरांच्या मागे, पुरेशा अंतरावर, 60 वॉटचा साधा बल्ब पेटता ठेवण्याचा प्रघात त्यानंतर सुरू झाला. पेटी आणि तानपुऱ्यासाठी घरमालक तो आधीपासून ठेवतच होते.

वेगळे काय करता आले असते

क्रम बदलता आला असता. स्पीकरच्या पाठीवरची पट्टी, इम्पिडन्सची मोजणी आणि वीजदाबाची नोंद या तीन गोष्टी आठ दिवसांत आणि जवळजवळ फुकट झाल्या. त्या आधी केल्या असत्या तर 10,000 रुपये वाचले असते. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात फुली मारली होती, तीही मोजल्यानंतरच मारायला हवी होती. त्याच्या मालकाला तेव्हा वाईट वाटले होते.

दोन्ही जोड्यांना एकच अ‍ॅम्प, ही अटच पुन्हा तपासायला हवी होती का, हा प्रश्न मला अजून पुरता सुटलेला नाही. शिल्लक 51,000 मध्ये फक्त प्लॅनरसाठी, 4 ओहमला 200 वॉटचा जुना अ‍ॅम्प मिळू शकतो, आणि वाद्यवृंदप्रेमी सदस्य तो मागत आहेत. माझी अट एकच आहे: तो आला तर त्याच्या वायरींच्या पिना इलेक्ट्रोस्टॅटिकच्या खोबणीत बसूच नयेत अशा वेगळ्या घडणीच्या हव्यात. तशा पिना कोणत्या मिळतात ते पाहण्याचे काम तबलावादकाने घेतले आहे, आणि दिवाळीनंतरच्या बैठकीत तो विषय येणार आहे.